बावन्न सेकंदांचं लोडिंग

३ मार्च, मंगळवार

आज दुकानात गेम खेळायची अकरा मशीन विकली! पायांचे तुकडे पडले, पण जीभ अजून ताजी. "नवीन मशीन म्हणजे नुसती ताकद, साहेब. गवताची पातीन् पाती दिसेल. आणि लोडिंग? पापणी लवायच्या आत गेम सुरू!" हे मी झोपेतसुद्धा बडबडत असणार.

एका बाईंनी विचारलं, खेळणाऱ्याला खरंच फरक पडतो का हो? मी म्हटलं, जमीन-अस्मानाचा. माझ्या घरी तेरा वर्षांचं खटारं आहे, हे काही त्यांना सांगितलं नाही.

४ मार्च, बुधवार

बाबा आणि मी रोज संध्याकाळी साडेसहाला गाड्यांची शर्यत खेळतो. एक सोफा, दोन कंट्रोलर; आमच्या दोन गाड्या, मशीनच्या सहा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस — बटण असं हलक्या हाताने दाबतो, जसं काही जोर लावला तर आत एखादी स्प्रिंग उडेल. तरी रोज मलाच हरवतो, लबाड!

प्रत्येक शर्यतीआधी आमचं खटारं बावन्न सेकंद घेतं. बाबांनीच मोजलेत. पडद्यावर एक चक्र फिरत बसतं आणि तेवढ्यात आम्ही बोलतो. नळ गळतोय. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी केस कापले. तुझी आई असती तर हा खिडकीचा पडदा केव्हाच बदलला असता. शर्यत लागली की तोंडं बंद. दिवसभरात आमचं जे काही बोलणं होतं, ते एवढंच.

मी नवऱ्याचं घर सोडून का आले, हे मात्र त्यात अजून निघालेलं नाही. आठ महिने झाले. त्या दिवशी दारात बॅग ठेवली, तर बाबा म्हणाले, "चहा घेतेस?" बस. त्यानंतर एक अक्षर नाही. माझी लाज वाटते का? वाटत असेल तर सांगून टाका ना एकदा! पण मी विचारणार नाही. मीही त्यांचीच मुलगी.

७ मार्च, शनिवार

घेतलं! नवीन मशीन घेतलं! बाबांनी विचारायच्या आत जुनं माळ्यावर टाकलं. काउंटरवरचा पोपट (सहकारी — आकडे घडाघडा म्हणतो म्हणून पोपट) म्हणाला, आता जुन्याकडे ढुंकून बघणार नाहीस.

मनात म्हटलं, बाबा खूश होतील. खूश माणूस जरा मोकळा बोलतो.

८ मार्च, रविवार

काय ते चित्र! रस्ता ओला असला की खरंच ओला दिसतो. एका वळणावर बाबांनी पाय वर घेतले — शप्पथ!

लोडिंग दीड सेकंद. बाबांनी मोजायला मनगट वर केलं आणि तसंच खाली नेलं. एरवी पाच-सहा शर्यती होतात, आज चौदा झाल्या.

११ मार्च, बुधवार

वीस शर्यती. बाबांचे आजचे एकूण शब्द: "अरेच्चा", "डावीकडे", "जेवायचं का".

१४ मार्च, शनिवार

पोपटाशी भांडले. मी म्हटलं, लोडिंग नसणं हा त्या मशीनमधला दोष आहे. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं! मग सुरू झाला — सेकंदाला चित्रं किती, ठिपके किती कोटी. म्हटलं, चुलीत घाल तुझे ठिपके. आणि वळून, त्याच तोंडाने, एका जोडप्याला "पापणी लवायच्या आत" ऐकवलं. दोघांनी मान डोलावली आणि घेऊन गेले. कोडगी आहे मी.

१६ मार्च, सोमवार

बाबा म्हणाले, आज नको, डोळे दुखतात. आपल्या खोलीत जाऊन बसले. मी एकटीच खेळले. पहिली आले. त्या पडद्यावरच्या चषकात काय पाणी पिऊ?

१७ मार्च, मंगळवार

आजही नको म्हणाले. साडेसहाला स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आमच्याकडे दिवसाकाठी चार-पाच मिनिटं होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने, वॉरंटीसकट, घालवली. मूर्ख बाई!

१९ मार्च, गुरुवार

थाप मारली. म्हटलं बाबा, नवीन मशीन तापतंय, मध्येच बंद पडतंय, जुनंच लावावं लागणार.

आणि थाप कोणाला मारतेय हेच विसरले! बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक स्क्रूड्रायव्हरांचा डबा आणला. मी मशीनवर आडवी पडले. वॉरंटी जाईल, हात लावू नका! बरं, नाही उघडत, म्हणाले. मग चालू करून नुसता पंख्याला कान लावून बसले. मिनिटभर. घड्याळाला लावायचे तसा.

"याला काहीही झालेलं नाही," म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. माझे कान लाल.

मग उठले. स्टूल घेतलं, माळ्यावरून खटारं उतरवलं, फडक्याने पुसलं. डोळे दुखायचे थांबले वाटतं! वायरी मी जोडल्या.

२० मार्च, शुक्रवार

पहिलं लोडिंग — नळ. दुसरं — नळच. तिसऱ्याला बाबांनी घसा खाकरला, मी श्वास धरून बसले, आणि ते म्हणाले, प्लंबरला फोन करायला हवा.

जीव द्यावासा वाटतो त्या नळात! तरी बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२२ मार्च, रविवार

दुसरं लोडिंग. बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तू रडत फोन केला होतास. मी म्हणालो, जमवून घे. चुकलं माझं. तू आलीस, पण तुला काही विचारायला तोंड नव्हतं मला."

शर्यत सुरू झाली. आठ गाड्या होत्या. सहा निघून गेल्या.