इंजिन चांगुणाला, हँडल जानरावला

मी, शेषराव मोतीराम लहाने, वय अठ्ठावन्न, पूर्वी धरणावर इंजिन ड्रायव्हर, हल्ली शेती, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, लिहून ठेवतो ऐसाजे, माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं. हे मृत्युपत्र राजीखुशीने करतो.

१. राहतं घर पत्नी अन्नपूर्णाबाई हिला. तिच्या हयातीत कुणी तिला "माय, जरा सरक" म्हणू नये.

२. विहिरीकडची चार एकर जमीन मुलगा कडूबा यास. त्याने मला न विचारता दोनदा चिखलीचा भंगारवाला घरी आणला, तरी देतो. बापाचं मन, काय करता!

३. टिनाच्या शेडमधलं डिझेल इंजिन, खालच्या चाळीस फूट रुळांसह आणि जागेसह, सुलतानपूरला दिलेली मुलगी चांगुणा हिला. लहानपणी भाकर घेऊन यायची आणि इंजिनावरून उतरायचीच नाही. या इंजिनाने सात वर्षं मातीचे डबे ओढले, धरणाची भिंत उभी केली, आणि काम संपल्यावर लिलावात त्याला कुत्रंही विचारीना. मी घेतलं. अन्नपूर्णाबाई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी स्वतःच हळदकुंकू घेऊन शेडमध्ये गेली. विकायचा विषय कुणी काढू नये.

४. इंजिन सुरू करायचं हँडल मात्र जानराव भिकाजी अंभोरे यास. हा धरणावरचा माझा जोडीदार. हे इंजिन एकट्याच्या बापाला ऐकत नाही. एकाने हँडल मारायचं, दुसऱ्याने नेमक्या वेळी लिव्हर सोडायचा. आमच्या हाताला ते तिसऱ्या फेऱ्यात सुरू व्हायचं. पण चार वर्षांमागे पोळ्याला मी इंजिनावर झूल घातली, तर हा गडी भर चौकात म्हणाला, "पोळा बैलाचा असते बे शेषराव, भंगाराचा नाही." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आणि इंजिनही बंद. कडूबाने एकदा हँडल मारून पाहिलं, महिनाभर हात गळ्यात बांधून फिरला. असं उभं राहून लोखंड गंजतं. मला त्याचा आवाज पुन्हा ऐकायचा होता, फार ऐकायचा होता. माझ्यामागे तरी जानरावने चांगुणाला हात शिकवावा. माफी मी मागणार नाही. त्यानेही मागू नये, मला कसंनुसं होईल. साक्षीदार म्हणून त्यालाच निरोप धाडला आहे. वाचल्याशिवाय सही करणारा तो नव्हे.

५. तेराव्याला बुंदी करावी. कळीची, साखर हात आखडून घालू नये.

स्थळ: उंद्री. दिनांक: ५ ऑगस्ट १९७१.

सही: शेषराव मोतीराम लहाने

साक्षीदार पहिला: भाऊराव रामजी तायडे, मास्तर. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: जानराव भिकाजी अंभोरे. सही केली, पण चौथं कलम मले मंजूर नाही. हँडलसाठी तुह्या मरणाची वाट पाहू काय बे? उद्या सकाळी येऊन राह्यलो. डिझेल भरून ठेव. लिव्हर तू धर.