न विचारता पुसू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त संगणक अभियंता, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही, आणि यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र, जे दीड पानाचे आणि खोटे होते, ते मी या लेखाने रद्द करतो. हे कागदावर आणि शाईने लिहिले आहे. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या व गॅलरी, आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. न्हाणीघराचा गरम-थंड पाण्याचा नळ उलटा फिरतो. घर विकलेच तर घेणाऱ्याला आधी सांगावे, नाहीतर भाजून घेईल बिचारा.

कलम २. हत्यारांची पेटी धाकट्या भावाला द्यावी. त्यातले ड्रिल मुळात त्याचेच. "परवा आणून देतो" म्हणून मी ते नेले, त्याला बावीस वर्षे झाली आणि भेटेल तेव्हा तो आठवण करून देतो. आता एकदाचे घे म्हणावे आणि गप्प बस.

कलम ३. वेबपान तुमच्या यंत्रात, ब्राउझरच्या पोटात, काही मजकूर साठवून ठेवते. तो किती ठेवायचा, कधी आणि कोणी पुसायचा, याचे नियम एक समिती लिहिते. त्या समितीत मी एकोणीस वर्षे होतो. कागदपत्रांचे चार खोके माळ्यावर आहेत, ते रद्दीत द्यावेत. फक्त निळी फाइल ठेवावी. तिच्यात मी लिहिलेला नियम आहे: यंत्रातली जागा कमी पडली आणि एखादे पान बरेच दिवस कोणी उघडले नसेल, तर ब्राउझरने त्या पानाचा साठा न विचारता पुसावा.

या नियमाला एकाच माणसाने विरोध केला. त्यांना आम्ही हरकतवाले म्हणायचो, कारण प्रत्येक बैठकीत त्यांची हरकत ठरलेली. ते म्हणाले, "पुसण्याआधी माणसाला विचारा." मी म्हणालो, "लोक प्रश्न वाचतात कुठे? न वाचता 'हो' दाबतात." सगळे हसले. मतदान अकरा विरुद्ध एक झाले. त्यानंतर वर्षभर मी त्यांची नक्कल करून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे. या मृत्युपत्राला तेच साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतो, म्हणून हरकतवाल्यांना मी फक्त माझी माफी ठेवून जातो.

कलम ४. स्वयंपाकघरातल्या कपाटावरचा राखाडी लॅपटॉप. किंमत शून्य, म्हणून नीट वाचावे.

माझी पत्नी टंकलेखन शिकवायची. शेवटच्या वर्षी हात थरथरू लागला, पेन धरवेना, पण कीबोर्डवर बोटं आपोआप चालायची. मी तिला लिहायला एक पान बनवून दिलं. ती म्हणाली, "माझं लिहिलेलं कुठल्या कंपनीच्या कपाटात जायला नको. घरातलं घरात राहू दे." म्हणून मजकूर फक्त त्या यंत्रात, ब्राउझरच्या साठ्यात ठेवला. मोठी अक्षरं, पिवळसर पान, वर 'वही' एवढंच नाव. दुसरी प्रत नाही. रोज न्याहारीनंतर ती तासभर लिहायची, सगळं मुलीला उद्देशून. "मी गेले की तिला द्या. तुम्ही वाचायचं नाही," असं मला बजावलं होतं.

ती गेल्यावर अडीच महिने मला ते पान उघडवेना. त्याच यंत्रावर समितीच्या जुन्या बैठकांची चित्रणं मात्र उतरवून पाहत बसलो, एकामागून एक, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. यंत्र भरलं. जागा कमी पडली, पान बरेच दिवस उघडलेलं नव्हतं, ब्राउझरने नियम पाळला. मी 'वही' उघडली तेव्हा ती कोरी होती.

साठा कायम ठेवा, अशी मागणी पान ब्राउझरकडे करू शकतं. त्यासाठी पानाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ लागते. ती सोय नियमांत मीच घातली होती आणि 'वही' बनवताना ती ओळ लिहायला मीच विसरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कलम ५. चिमणे, आता तुझ्याशी सरळ बोलतो. तू घर सोडून गेलीस तेव्हा आईने तुझ्या तोंडावर दार आपटलं, असं तू मानतेस. ती गेल्यावर तू मला विचारलंस, "आईने माझ्यासाठी काही ठेवलंय का?" मी म्हणालो, "नाही गं." पाच वर्षं झाली. स्वतःची लाज झाकायला मी तुझ्या आईला कठोर ठरवलं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

एकदा तिला गोळ्या द्यायला गेलो तेव्हा चोरून एवढंच वाचलं होतं: "चिमणे, त्या दिवशी दार मी आपटलं नाही, वाऱ्याने आपटलं. पण उघडायला मी उठले नाही, तेवढी चूक माझी." बाकी सगळं मी घालवलं. रोज सकाळी मी ते कोरं पान उघडतो. उघडत राहिलं की पुसत नाहीत, हा नियम मला पाठ आहे. पुसायला काही उरलं नाही, हेही कळतं. लॅपटॉप तुला. उघडायचा की नाही ते तू ठरव.

सहीपूर्वीची पुरवणी. साक्षीदार म्हणून हरकतवाले आणि वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई टेबलाशी बसल्या होत्या. हरकतवाल्यांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझी हरकत आहे."

"आता कशाला?"

"कलम पाचला. हे तिला तू मेल्यावर कळावं, हे परत तू एकट्यानेच ठरवलंस. तिला विचारलंस?"

दंतवैद्य बाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला.

मी मुलीला कलम चार आणि पाच जसंच्या तसं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर मी विचारलं, "आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं, बाबा. पाच वर्षं तुम्ही मला..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही आणि मला ते इथे पुरं करायचा अधिकार नाही. ती रडत होती. मीही रडलो.

मग म्हणाली, "दाराचं परत सांगा. हळू सांगा, मी लिहून घेते."

मी हळू सांगितलं. तिने मला वाचून दाखवलं. एक शब्द चुकला नव्हता. आता त्या दोन ओळी दोन ठिकाणी आहेत, तिच्याकडे आणि या कागदावर.

लिहून देणार: सही
साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य, सही
साक्षीदार २: सही. (हरकत मागे घेतली.)

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १९ फेब्रुवारी, सकाळी पावणेबारा