पंधरा सेकंदांतले दोन ठोके

१४ नोव्हेंबर १९६५, रविवार. शहादे.
पुण्याचे डॉक्टर आले. उतरले ते थेट माझा लहानपणचा दोस्त हिंमत, त्याच्या सायकल दुकानात. मला हेडमास्तरांनी पाठवलं म्हणून गेलो: 'तुम्ही ड्रिल मास्तर, तुम्हाला त्यातलं कळेल.'
सामान पाहण्यासारखं. गादीच्या खोळीएवढी रबरी पिशवी, तोंडात धरायची नळी, नाकाला चिमटा. डॉ. म्हणाले, 'पायांनी पळणाऱ्याचा दम मोजायच्या शंभर तऱ्हा आहेत. चाकांच्या खुर्चीवर खेळणाऱ्याचा कुणी मोजतच नाही.' हि.ने त्यांच्या चित्रावरून यंत्र आधीच करून ठेवलेलं. सायकलची फ्रेम बाकाला ठोकलेली, पायडल छातीसमोर, चाकाला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला ताणकाटा. पट्टा जितका ताणावा तितकं जड.
हि. खुर्ची पुढे घेऊन बसला आणि हातांनी पायडल मारू लागला. मी शिट्टीवर ताल दिला. सहा मिनिटं. पिशवी फुगत गेली. दुकानाबाहेर पन्नासेक माणसं.
डॉ.नी नाडी मोजली. मग म्हणाले, 'वा.'
मी खानदेशात मैलाच्या शर्यतीत पहिला आलो तेव्हा असं कुणी 'वा' म्हटल्याचं आठवत नाही.

१५ नोव्हें.
मीच म्हणालो, माझाही मोजा. हसत म्हणालो, पण सकाळपासून तेच मनात होतं.
चौथ्या मिनिटाला हात भरून आले. पाचव्याला थांबलो. हि.च्या नाडीपेक्षा माझी कितीतरी वर. तो आणखी सहा मिनिटं मारू शकला असता, मला तहान लागलेली.
डॉ.नी समजूत काढली. 'तुमचे पाय मोजले असते तर गोष्ट वेगळी होती.' हि. म्हणाला, 'तुन्हा पाय शेतस, मन्हा हात शेतस. त्यामा काय?' चांगल्या मनानेच म्हणाला.
जेवलो नाही. बायकोला, सुमनला सांगितलं, पोट बिघडलंय.

१७ नोव्हें.
डॉ. गेले. श्वासाचे नमुने काचेच्या नळ्यांत भरून नेले. एप्रिलात पुण्याला खुर्चीवरच्यांचे सामने आहेत, बहुतेक सैनिकांचे. बाहेरच्यांसाठी जागा दोनच. हि.ची निवड होईल ती दर आठवड्याच्या नाडीवरून. पट्ट्याला तेवढाच ताण, तेवढीच मिनिटं, आणि नाडी उतरत गेली की दम वाढला. दर रविवारी मोजून कार्ड टाकायचं.
मोजायचं काम माझं. डॉ. म्हणाले, 'मास्तरांइतका विश्वासाचा माणूस कुठला?'
शाळेचं स्टॉपवॉच आणलं. थांबल्याबरोबर पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचं.

७ डिसेंबर.
सारंगखेड्याची यात्रा. आम्ही एस.टी.ने. वाटेत कंडक्टर ओरडला, 'मास्तर, तुमना दोस्त तं घोडा शे घोडा!' पाहतो तर रस्त्याच्या कडेने हि., स्वतःच्या हाताने चाकं ढकलत चाललेला. शहाद्यापासून! माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर. कुणी टोपी हलवतंय, कुणी शिट्टी. सुमनसुद्धा उठून उभी.
मी चपलेचा बंद लावायला वाकलो. बस पुढे जाईपर्यंत लावत होतो.

२ जानेवारी ६६, रवि.
नाडी आणखी उतरली. कार्ड टाकलं. सातवं. डॉ.चं उत्तर हि.च्या नावाने: 'फार उत्तम. असेच चालू ठेवा.' मला शेवटी एक ओळ, 'मास्तरांना नमस्कार.'
सुमनने हि.साठी शेंगदाण्याची चटणी दिली. पुण्याला जाणार आहे ना, आत्तापासून खायला हवं म्हणे. मला काय, मी कुठे जातोय.

२६ जाने.
झेंडावंदनाला पाहुणा: हि. सात वर्षं ड्रिल मी घेतो, ध्वजाच्या दोरीला अजून हात लागलेला नाही.
मुलांपुढे बोलला. शाळेतलं मराठी आठवून आठवून. म्हणाला, 'तीन वर्षं मी मास्तरांच्या पाठीवर बसून शाळेत गेलो. तीन वर्षं मी फक्त ह्यांची मान पाहिली. आता खुर्चीवरून समोरचा रस्ता दिसतो.'
मुलं खो खो हसली. हे. मा.ही हसले. तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.
पावसाळ्यात त्याला पाठीवर घेऊन नाला ओलांडायचो. पोलिओने त्याचे पाय गेले तेव्हा तो आठ वर्षांचा, मी दहाचा. गावात म्हणायचे, पाटलाचं पोरगं म्हणजे देवमाणूस. मान पाहिली म्हणे.

३० जाने., रवि.
एकतीस आले. तेहेतीस लिहिले.
दोन ठोके. दोनच. माझं बोट सरकलं असेल असं आधी म्हणून पाहिलं. नाही. एकतीस स्पष्ट मोजले होते.
हि.ने विचारलं, 'कितला?' म्हटलं, 'तेहेतीस.' तो म्हणाला, 'गया टाइमले बत्तीस व्हतात ना?' मग म्हणाला, सर्दी असेल.

६ फेब्रुवारी.
पुन्हा दोन. या खेपेला बोट सरकल्याचं कारणही शोधलं नाही.

१३ फेब्रु.
दोन.

२० फेब्रु.
दोन. हि. हल्ली पहाटेपासून मारतो. दुकान उघडायच्या आधी एकदा, जेवणानंतर एकदा. माझ्या तोंडाकडे बघत राहतो, आकडा सांगेपर्यंत.
खरं लिहायचं तर ते बघणं मला आवडलं.

२७ फेब्रु.
दोन. म्हणजे पाच आठवडे.

५ मार्च.
डॉ.चं पत्र. 'सराव वाढूनही नाडी उतरत नाही, उलट आधीपेक्षा वर गेली आहे. शरीराची मर्यादा आली असावी. दुसऱ्या एका उमेदवाराचा विचार करावा लागेल. वाईट वाटून घेऊ नये.'
हि.ने पत्र दोनदा वाचलं, घडी करून पंक्चरच्या डबीत ठेवलं. एका गिऱ्हाइकाचं चाक सरळ करायला घेतलं. तारा ताणता ताणता म्हणाला, 'मन्हामा आते दम नई ऱ्हायना, नाऱ्या.'
त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

१३ मार्च, रवि.
गेलो तर यंत्र उघडून ठेवलेलं. पायडल गिऱ्हाइकाच्या सायकलीला लावून दिले. हातांना पट्ट्या. त्याची बायको सिंधू म्हणाली, पत्र आल्यावरही आठ दिवस मारत होता, तळव्यांची सालं निघेपर्यंत. काल सोडलं.
त्याची आई ओट्यावर होती. मला म्हणाली, 'भाऊ, तू व्हता म्हणीसन तो शाळा शिकना. आते तूच समजाड त्याले.'
चहा पुढे केला. प्यायलो. कसा प्यायलो ते विचारू नये.

१४ मार्च.
डॉ.ना सगळं लिहिलं. पाचही खरे आकडे. कारण लिहायला घेतलं, चार कागद फाडले. शेवटी लिहिलं: 'मला त्याचा हेवा वाटला.' पोस्टात टाकून आलो. सुमनला सांगितलं नाही.
हि.लाही नाही. तिकडून परस्पर सगळं सरळ होईल असं वाटतंय. भित्रेपणा.

२६ मार्च.
डॉ.चं उत्तर. चारच ओळी. 'तुमचा कुठला आकडा खरा मानू? तुमच्या हातचं आता काहीच चालणार नाही. नावं दहा एप्रिलला जातात. दुसऱ्या कुणी मोजलेली नाडी हिंमतरावांनी स्वतःच्या सहीने पाठवावी. त्यांना सर्व सांगितल्याशिवाय हे होणार नाही, हे तुम्ही जाणताच.'
नमस्कार नाही.

२७ मार्च, रवि.
सांगितलं. दुकानातच, सिंधूसमोर. बसलो नव्हतो, उभ्यानेच.
त्याने पान्ह्यावरचं ग्रीस पुसलं.
'कितला?'
'पंधरा सेकंदांत दोन.'
'कितला आठवडा?'
'पाच.'
'का बरं?'
मी म्हणालो, तुला सगळे बघतात. मला कुणी बघत नाही. मोठ्याने बोलल्यावर फारच पोरकट वाटलं. त्याने मान हलवली. कळलं म्हणून, की नुसतीच, समजलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाला, 'दुसरा पायडल कपाटमा शेतस. काढ.'
काढले. बसवायला तासभर लागला. मी फ्रेम धरली, बोल्ट त्याने आवळले. बोलणं तेवढंच, हे दे, ते दे.

९ एप्रिलपर्यंत पत्र पुण्याला पोचायला हवं. म्हणून चारच दिवस हात बरे होऊ द्यायचे ठरवलं. ठरवलं त्याने.

३१ मार्च.
संध्याकाळी गेलो. बोलावलं नव्हतं. त्याने शिट्टी वाजव म्हणून खूण केली, वाजवली. सहा मिनिटं ताल दिला. पट्ट्यांमधून रक्त आलं, तो थांबला नाही. चेहरा लाल, पण श्वास... इतकी वर्षं पळणाऱ्यांचे श्वास ऐकतोय मी. तो दमला नव्हता.
थांबला. सवयीने मी हात पुढे केला.
त्याने मनगट सिंधूकडे दिलं. 'तू मोज.' आणि मला, 'तू फक्त घड्याळ धर.'
ती चौथी शिकलेली. ओठ हलवत मोजत होती. मी तिच्या ओठांकडे बघायचं नाही म्हणून काट्याकडे बघत राहिलो. पंधरा झाले, 'बस' म्हणालो.
तिने आकडा त्याच्या कानात सांगितला.
तो घाम पुसत होता, तोंड पंच्यात. मी विचारलं, किती आले?
'पत्रमा लिखसू,' म्हणाला.
लिहिलं त्याने, माझ्यासमोर, मांडीवर पाटी घेऊन. सही केली, पाकिटाला गोंद लावला. टपालपेटी माझ्या वाटेवर, तरी पाकीट सिंधूकडे दिलं. ती पदर खोचून निघाली. मी दारात उभा, ती वळणापलीकडे जाईपर्यंत.
मागे वळलो तर हि. पुन्हा पायडलांवर. म्हणाला, 'शिट्टी.'