नव्या कंपायलरला ‘बघू’ कळत नाही

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. (वाकून करायचा होता, पण मंगळवारी पाठीत उसण भरली. ती का भरली ते पुढे येईलच. तोवर हा उभ्याने केलेला गोड मानून घे.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल आणि एव्हाना पट्टीही निघाली असेल, अशी आशा आहे. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली असेल तर हे पत्र ताईकडून वाचून घे, पण कृपा करून जावईबापूंकडून नको. ते मध्येमध्ये थांबून हसतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतात. इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे मी सोडून.

आपलं धुलाईघर होतं तिथेच आणि होतं तसंच आहे. तेच सहा ड्रम, तीच वाफ, इस्त्रीच्या खोलीतली तीच खिडकी जी उघडली की बंद होत नाही. तू निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक माझ्या खुर्चीला ‘आत्यांची खुर्ची’ म्हणतात. (मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. या लोकांची तू आत्याही नाहीस.) तुझा प्रोग्राम अजून सहाही ड्रम चालवतो. दार लागलं का ते बघतो, पाणी घेतो, तापवतो, साबण सोडतो, पिळतो. तो तेवीस वर्षांत एकदाही चुकला नाही हे तू जो भेटेल त्याला सांगतेस आणि ते खरंच आहे. म्हणजे मागच्या मंगळवारपर्यंत होतं.

झालं असं की जुना संगणक महिन्यापूर्वी गेला. गेला म्हणजे पंखा दोन दिवस घरघरला आणि तिसऱ्या दिवशी शांत झाला. मालकीणबाईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला इथे सगळे अपडेटराव म्हणतात, कारण तुम्ही त्याला काहीही सांगा, अगदी नळ गळतोय म्हणून सांगा, तो आधी विचारतो की अपडेट केलंय का. त्याने नवा संगणक बसवला आणि त्याच्यात सी भाषेचा अगदी ताजा कंपायलर घातला. मी म्हटलं, अरे, जुनाच चालला असता. तर म्हणाला, “काका, यात खूप सुधारणा आहेत,” आणि त्याने नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादीच स्क्रीनवर उघडली. हे आता चालणार नाही, ते आता आपोआप होईल, अमुक शब्द आता भाषेचा स्वतःचा झाला, तमुक जुनी पद्धत मोडीत निघाली. मी मान डोलवत होतो. आत्या, तुला म्हणून सांगतो, त्या यादीतला प्रत्येक शब्द मला सुटा सुटा कळत होता.

मालकीणबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कंपायलर म्हणजे नक्की काय? मी सांगितलं, आत्याने जे लिहिलंय ते माणसाला वाचता येतं, यंत्राला येत नाही. कंपायलर ते यंत्राच्या भाषेत करून देतो. “म्हणजे दुभाषी,” त्या म्हणाल्या. हो, म्हटलं. “मग दुभाष्याने निरोप पोचवावा. त्याला मतं कशाला हवीत?”

आता मुळात हात लावायची गरज का पडली, तर साबण बदलला. नवा साबण चाळीस सेकंदांऐवजी पंचावन्न सेकंद सोडावा लागतो, तेव्हा एका ओळीतला एक आकडा बदलायचा होता. चहा येईपर्यंत होईल, असं मी मालकीणबाईंना सांगून बसलो. (ही माझी पहिली चूक. चहा आला, निवला, त्यावर साय धरली.) आकडा बदलला, कंपायल केलं आणि स्क्रीन लाल-जांभळी झाली. एकतीस एरर आणि दोनशे चौदा वॉर्निंग! आपला जुना कंपायलर आठव. तो बिचारा काही बोलायचाच नाही. फारच झालं तर एक ओळ पुटपुटायचा आणि कामाला लागायचा. हा नवा तुझी ओळ आख्खी पुन्हा लिहून दाखवतो, चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारतो, बाण काढतो आणि वर विचारतो, तुम्हाला असं तर म्हणायचं नव्हतं ना? मी शाळेत असताना तू माझ्या वहीत अगदी हेच करायचीस, त्यामुळे मला आधी वाटलं की या प्रोग्रामात तूच कुठेतरी बसलेली आहेस.

पहिले अठ्ठावीस एरर एकाच जातीचे निघाले. तू ‘पाणी सोड’, ‘थांब’, ‘पीळ’ अशी कामं एका फाइलीत लिहिलीस आणि दुसऱ्या फाइलीत त्यांना सरळ हाक मारलीस. जुना कंपायलर विश्वासावर चालायचा. ‘थांब’ म्हणालीस म्हणजे असेल कुठेतरी ‘थांब’, असं धरून पुढे जायचा. नव्याला आधी ओळख करून द्यावी लागते. हे ‘थांब’, हे अमुक घेतात, तमुक देतात. मी दीड दिवस नुसती ओळखपरेड घेत होतो. पुढे दोन एरर रिकाम्या कंसांचे. कंस रिकामा ठेवला तर पूर्वी त्याचा अर्थ ‘काय द्यायचं ते द्या’ असा होता म्हणे, आता ‘काहीही देऊ नका’ असा झालाय. कंस तोच, रिकामेपणा तोच! हे कोण ठरवतं, कुठे बसून ठरवतं आणि ठरवायच्या आधी धुलाईघरवाल्यांना का विचारत नाही, हे मला कळलेलं नाही.

उरला एक. वर पहिल्या पानावर तू ‘बूल’ नावाचा, खरं-खोटं अशी उत्तरं ठेवायचा प्रकार स्वतः तयार केला होतास. कंपायलर म्हणाला, ‘बूल’ हा आता भाषेचा राखीव शब्द आहे, तो तुम्हाला बनवता येणार नाही. मला तर आनंदच झाला. म्हटलं, भाषेने स्वतःचा आयता दिलाय तर आपल्या घरच्याचं काय काम? मी तुझी ती ओळ पुसून टाकली. एरर शून्य! वॉर्निंगा मात्र होत्याच. त्यातली एक मी तीनदा वाचली. तिचा मतलब असा की ‘ही तुलना कधीच खरी ठरणार नाही’. आत्या, दोन दिवसांत एकतीस वेळा बोलणी खाल्लेल्या माणसाला हे वाक्य कसं लागेल? मला ते एकंदर माझ्या आयुष्याबद्दल वाटलं. वॉर्निंगा गप्प करायची एक सोय असते. ती मी वापरली. (ही दुसरी चूक. पुढच्या मोजत नाही.)

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलचा माल आला. ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या चादरी, चार वाजेपर्यंत परत हव्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नऊ माणसं टेबलावर झोपणार होती. आपले मुकादम, ज्यांना तू पैलवान म्हणायचीस (वजन अजून तेवढंच, ओल्या चादरीइतकं), त्यांनी सहाही ड्रम भरले. मी मालकीणबाईंसमोर ऐटीत बटण दाबलं. एक, दोन, तीन सुरळीत. चार नंबरनेही पाणी घेतलं, साबण घेतला, फिरायला लागला आणि मग त्याचं दार हळूच, एखादं माणूस दुपारच्या झोपेतून उठून जांभई देतं तसं, उघडलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून पाय घसरल्यासारखं होतं. आधी पाणी आलं, मग फेस, मग चादरी. फेस गुडघ्याएवढा झाला. पैलवान “दार धरा, दार धरा!” असं ओरडत धावले आणि दार न धरता तसेच पुढे इस्त्रीच्या खोलीपर्यंत घसरत गेले. मी त्यांना धरायला वाकलो आणि तिथेच ती उसण भरली. वाकलेल्या अवस्थेत मला मालकीणबाईंच्या फक्त चपला दिसत होत्या. त्यातली एक तरंगत होती. इस्त्री करून रचलेल्या कोरड्या गठ्ठ्यांची खालची रांग भिजली. शेवटी पाच नंबरवाल्या बाईंनी भिंतीवरचा मोठा खटका पाडला आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, “एक आकडा बदलायचा होता ना?”

मी खोलीत येऊन पडलो. पडलो म्हणजे खरोखर जमिनीवर आडवा, कारण पाठ. आडवं पडल्यावर तुझ्या टेबलाचा खालचा खण अगदी डोळ्यांसमोर आला. त्यात तुझ्या प्रोग्रामचा छापील गठ्ठा होता, भोकाभोकांच्या कडेच्या कागदावर. मी तो पोटावर ठेवून वाचला. आत्या, सहा वर्षं मी या प्रोग्रामचा प्रमुख आहे, पण तो पूर्ण वाचायची ही पहिलीच वेळ. तुझ्या ‘बूल’मध्ये दोन नाही, तीन उत्तरं होती! दार लागलं का? खोटं म्हणजे शून्य, खरं म्हणजे एक आणि ‘बघू’ म्हणजे दोन. आणि ‘बघू’च्या शेजारी पेन्सिलीने तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, चार नंबर.

पैलवानांना विचारलं. ते टॉवेल गुंडाळून बसले होते. म्हणाले, “चार नंबरचं दार पहिल्यापासून असंच. वरची खिटी बसते, खालची बसत नाही. आत्या होत्या तेव्हापासून तो अर्धा मिनिट थांबायचा, पिवळा दिवा लावायचा, मी गुडघ्याने दार दाबायचो, मग चालू व्हायचा. आज थांबलाच नाही.” मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं का नाही? तर म्हणाले, “तुम्ही प्रमुख. मला वाटलं तुम्हाला माहीत असणार.”

भाषेच्या स्वतःच्या ‘बूल’ला फक्त खरं आणि खोटं कळतं. त्याच्या हातात दोन दिला की तो म्हणतो, शून्य नाही ना, मग खरं. म्हणजे ‘बघू’ म्हटलं की तो ‘हो’ ऐकतो. ती वॉर्निंग हेच सांगत होती, की ‘बघू’ आता कधीच येणार नाही. मी अपडेटरावला फोन केला. तो म्हणाला, “काका, जुन्या नियमांनी कंपायल कर असं त्याला सांगायचं. एक शब्द टाकावा लागतो. मी त्या दिवशी यादीत दाखवलं होतं, तुम्ही मान डोलावलीत.” मी तुझी पुसलेली ओळ परत घातली, तो एक शब्द टाकला, वॉर्निंगा पुन्हा बोलत्या केल्या (आणि सगळ्या वाचल्या, दोन तास लागले) आणि चार नंबर सुरू केला. पिवळा दिवा लागला. पैलवानांनी गुडघा लावला. मला रडू आलं, पण पाठीमुळे ते नीट रडताही आलं नाही. चादरी पावणेसहाला पोचल्या. हॉस्पिटलच्या बाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघत गठ्ठे उतरवून घेतले. नऊही जणांची ऑपरेशनं वेळेवर झाली, हे मी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून विचारलं.

ताईला नमस्कार, जावईबापूंनाही (हसत असतील तरी). डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा,
भाचा

ता. क. मालकीणबाई तुला फोन करणार आहेत. नव्या कंपायलरने असा काय मोठा बदल केला की फेस आला, ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू एवढंच सांग की बदल फार मोठा होता आणि कुणाच्याही लक्षात आला नसता. ‘कुणाच्याही’वर जरा जोर दे. हे पत्र लिहायचं खरं कारण हेच.

ता. क. दुसरा. साबण बदललेला नाही. तोच आहे, चाळीस सेकंदवाला. पंचावन्न सेकंद मालकीणबाईंच्या गळी मीच उतरवले. पत्र पुन्हा लिहायचं त्राण नाही, म्हणून इथेच सांगतो. संगणक सुरू केला की पहिल्या स्क्रीनवर ‘हा प्रोग्राम लिहिणार’ आणि पुढे तुझं नाव येतं. नव्या स्क्रीनवर ते फारच मोठं दिसायला लागलं. सहा वर्षं रोज सकाळी वाचतोय. मला फक्त तेवढं नाव बदलायचं होतं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मालकीणबाई आल्या. म्हणाल्या, त्यांनी बुधवारीच तुला फोन केला होता आणि तू म्हणालीस, “ते दार मी तेव्हाच दुरुस्त करून घ्यायला हवं होतं. चूक माझी आहे, भाच्याला बोलू नका.” त्यामुळे मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आज चार नंबरला नवी खिटी बसवली. नाव तुझंच ठेवलंय. त्याखाली बारीक अक्षरात माझंही घालावं, असं मनात आलं होतं, पण त्यासाठी पुन्हा कंपायल करावं लागेल.