माझ्या मरणानिमित्त कोर्टाचे काम बंद ठेवू नये

मी, दिनानाथ जगन्नाथ चोरघे, वय एकाहत्तर, धंदा वकिली (तीन वर्षांपूर्वी सोडलेला), राहणार आगाशी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. डॉ. सरोजिनीबाईंनी माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. ते ठिकाणावर असताना मी काय काय केले, ते खाली येईलच. मजकूर माझ्या हातचा आहे. टंकलेखकाकडे दिला असता तर दुपारी बाररूममध्ये चहाबरोबर त्याचे वाचन झाले असते.

१. आगाशीचे घर, मागची केळीची वाडी आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी स्वप्ना हिला. मनवेलपाड्याचा फ्लॅट सोडून ती इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. निदान विहीर बुजवू नये.

२. कायद्याची पुस्तके पुतण्या कौस्तुभला. तो चार वर्षे वकिली करतो. त्यात वकिलांच्या आचारनियमांचे एक पातळ पुस्तक आहे, ते कोरे करकरीत आहे. सबंध वकिलीत मी ते एकदाच उघडले, तेही पळवाट सापडते का हे बघायला. कौस्तुभने आधी ते वाचावे.

३. काळा कोट कोणालाही देऊ नये. तो शिवणारा फेबियन शिंपी इथे साक्षीला बसला आहे. त्याला म्हटले, फाडून लादी पुसायला घे. तो म्हणाला, "वकीलसाहेब, टेरिकॉट आहे हा. पाणी पण पीत नाय." म्हणजे तेवढ्याही कामाचा नाही. जाळावा.

४. आता ॲड. हरिश्चंद्र सावे. आईबापांनी नाव चांगल्या मनाने ठेवले असेल.

अर्नाळ्याच्या कृष्णाबाई या विधवा बाईची किनाऱ्यालगत मासळी वाळवायची जागा होती. दिराने त्या जागेवर हक्क सांगितला, तेव्हा बाईने दावा लावला. तिचे वकील सावे. १९९५ साली त्यांनी तिचा एका पुरसिशीवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, अंगठा घेतला. पुढची तारीख मागायचा अर्ज आहे, असे तिला सांगितले. कागदात लिहिले होते की दावा काढून घेते, जागेवर माझा हक्क नाही. दिराचे काम सावे आतून आधीपासूनच बघत होते. दोन्ही डगरींवर हात.

बाई नक्कल घेऊन माझ्याकडे आली. "सायेब, या कागदान माझी जागा कशी गेली तेवढा वाचून सांगा. पुढचा मी बघून घेन." मी वाचले. ती रडली नाही. ओटीवर बसून राहिली आणि मग माझ्या बायकोकडे, सुशीलेकडे, तिने पाणी मागितले. वकिलांच्या शिस्तपालन समितीकडची तक्रार मीच तिला लिहून दिली.

आमच्या वकील संघात एक अलिखित रीत आहे. सभासदाविरुद्ध कोणी वकीलपत्र घ्यायचे नाही, आणि सभासद अडचणीत आला तर सगळ्यांनी त्याच्या मागे उभे राहायचे. तक्रारीतले अक्षर सावे यांनी ओळखले. बाररूममध्ये सर्वांसमोर म्हणाले, "दिनानाथराव, आपलेच दात, आपलेच ओठ. आज मी आहे, उद्या तुम्ही असाल." सगळे हसले. मीही हसलो.

आठ दिवसांनी मी शपथेवर लिहून दिले की पुरसीस बाईला माझ्यादेखत वाचून दाखवली आणि तिला ती समजली होती. अंगठा घेतला त्या दिवशी मी कोर्टात नव्हतोच. विरारला दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलो होतो. समितीने एका जुन्या वकिलाच्या शपथेवर विश्वास ठेवला आणि तक्रार निकालात निघाली. पुढच्या वर्षी सावे संघाचे अध्यक्ष झाले, त्यांनी पेढे वाटले. मी तो पेढा खाल्ला. आठवले की आजही किळस येते, आणि सावेंपेक्षा स्वतःची जास्त येते.

कृष्णाबाई अजून आगाशीच्या बाजारात सुकट विकते. मला पाहिले की टोपलीवर फडके ओढते.

५. <s>खरी हकीकत सांगणारे नवे प्रतिज्ञापत्र मी केले आहे. दाताच्या डॉक्टरची त्या तारखेची पावती सोबत आहे. माझ्या मृत्यूनंतर कौस्तुभने ते कृष्णाबाईला द्यावे.</s>

वरच्या कलमावर रेघ मी मारली आहे. साक्षीदाराला मजकूर ऐकवण्याची कायद्याने गरज नसते, पण न वाचता सह्या-अंगठे घेण्याचा मला वीट आला आहे, म्हणून वाचून दाखवला. फेबियन म्हणाला, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत ती बाई थांबणार? आणि अजून पंधरा वर्षं जगलात तर?" डॉक्टरीणबाई माझा रक्तदाब बघत होत्या. त्या म्हणाल्या, "जगतील."

मरतानाही मी तिला तारीखच देत होतो. कागद तसाच ठेवून दोघांना परवा यायला सांगितले.

५-अ. दोन दिवसांनी लिहितो. काल अर्नाळ्याला जाऊन प्रतिज्ञापत्र कृष्णाबाईला वाचून दाखवले. तिने तीनदा वाचायला लावले. मग विचारले, "माझा अंगठा कुठं?" म्हटले, "यात तुझा अंगठा नको. सही माझी आहे." तिने मला बस म्हटले नाही. कागद मात्र घेतला. समितीकडची प्रत आज टपालात पडली. सनद जाईल, जावो. खोट्या शपथेचा खटला होईल, होवो.

कौस्तुभला तिचे वकीलपत्र घ्यायला सांगितले. तो म्हणाला, "काका, मला इथेच प्रॅक्टिस करायचीय." मलाही तेच करायचे होते. त्याने घेतले तर पुस्तके त्याची, नाहीतर कलम २ रद्द आणि पुस्तके रद्दीत.

६. आमच्याकडे वकील मेला की शोकसभा होते आणि दिवसाचे काम बंद राहते. पहाटेच्या एसटीने आलेली माणसे नवी तारीख घेऊन परत जातात. १९९४ साली कृष्णाबाईची साक्ष अशीच दोनदा पुढे गेली, आणि त्यातल्या एका शोकसभेत मी भाषण केले होते. माझ्यासाठी सभा घेऊ नये. सावे यांना बोलू देऊ नये. कोर्ट नेहमीच्या वेळेला सुरू करावे. त्या दिवशी कृष्णाबाईची तारीख असू शकते.

खाडाखोडीसह वरील सर्व मजकूर मला मान्य आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

(सही) दिनानाथ जगन्नाथ चोरघे

साक्षीदार:
(सही) फेबियन परेरा, शिंपी, आगाशी
(सही) डॉ. सरोजिनी म्हात्रे, विरार

ठिकाण: आगाशी
दिनांक: १९ नोव्हेंबर २००३