पांढुर्णा पुढे, पण सौसर शहाणं

सौसर, सोमवार

साळेसाहेब हर्षल यांस गुणवंता भाऊजीचा आशीर्वाद. (नमस्कार तू करायचा, मी जावई आहे.) तुझी ॲसिडिटी कशी आहे? तुझ्या बायकोची, सुप्रियाची कंबर? संत्र्याचा बहार टिकला का गळला? इकडे आम्ही मजेत आहो. मजेत म्हणजे घरावर सध्या छत नाही. छपरावरचे जुने कवेलू उतरवले, स्लॅब अजून पडायचा आहे, आणि तोवर मी, तुझी ताई अन् फ्रिज, तिघंही एका ताडपत्रीखाली नांदून राहिलो. फोनच केला असता, पण फोनवर तू हसतो ते मले ऐकू येते. पत्र वाचून पाहिजे तेवढा हास.

मागच्या राखीले तू माझ्याच ओसरीत बसून, माझेच गुलाबजामून खात सांगून गेला, की पांढुर्णा जिल्हा झाला तशी तिथं बांधकामांची रांग लागली, तुम्हां ठेकेदारांले श्वास घ्यायले वेळ नाही, आणि तुझ्या साइटवर कमरेले सेफ्टीचा पट्टा बांधल्याशिवाय कोणी वर चढत नाही. सौसरले हे समजायले टाइम लागेल म्हणे. ते मले लय झोंबलं. (सौसर तुमच्या जिल्ह्यात टाकलं त्या दिवशीही मी जेवलो नव्हतो.) मी म्हटलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर एकमेकांले गोटे मारणारे लोक आम्हाले डोक्याची काळजी शिकवणार काय? तू आणखी एक गुलाबजामून उचलला. मले वाटलं, जिंकलो. त्याच भरात घराचं काम तुले न देता इथल्या रोशन मिस्तरीले देऊन टाकलं.

आता नुसतं बोलून भागत नाही, म्हणून नागपूरले जाऊन पिवळे हेल्मेट आणले. म्हटलं, बोरगावच्या कारखान्यांत घालतात तर माझ्या घरावर काहून नाही? पहिल्या दिवशी सगळ्यांनी घातले, मी फोटो काढला, तुले पाठवला. (तू नुसता अंगठा पाठवला, तो मी विसरलो नाही.) दुसऱ्या दिवशी वाळू-विटा वाहणारी शकुबाई म्हणे, डोक्यावर हेल्मेट ठेवू का चुंबळ? घमेलं कशावर ठेवू? मग एका हेल्मेटात खिळे आले, एकात मिस्तरीची भाकर, आणि एकातून विटांवर पाणी मारणं सुरू झालं. वर चढणारे पहिल्यासारखेच उघड्या डोक्याचे. मी मनात म्हटलं, जाऊ दे बाप्पा, पांढुर्ण्याले कोण सांगायले जाते.

पण कामाले नजर लागू नये म्हणून काळी बाहुली तर पाहिजे ना. ती मालकानं आपल्या हातानं बांधायची असते, आणि तहसिलीत बाबू राहिलेला माणूस मागं हटत नाही. शुक्रवारी बाहुली दातात धरून मी परांचीवर चढलो. एक बांबू सुतळीनंच बांधला होता, तो सरकला. मी बाहुलीसकट खाली आलो, वाळूच्या ढिगाऱ्यावर. पाय जरा मुरगळला, बाकी काही नाही. पण हर्षल, शकुबाई तिथंच वाळू भरून राहिली होती. हातभर इकडे पडलो असतो तर तिच्या मानेवर पडलो असतो.

तेव्हापासून काम बंद आहे. रोशन म्हणते, मालकच पडला तर आम्ही काहून चढावं? मजबूत परांची अन् पट्टे आल्याशिवाय स्लॅब टाकत नाही. इकडे आभाळ भरून येऊन राहिलं, सिमेंटच्या थैल्या भिंतीशी तशाच पडल्या आहेत. रोशनवर रागावायले मले तोंड नाही, कारण त्याचं खरं आहे. बाकी सर्व कुशल. सौसर शहाणंच आहे, फक्त सध्या थांबलं आहे.

एका पायावर उभा असलेला तुझा भाऊजी,
गुणवंता

ता. क. : तुझ्याकडची लोखंडी परांची अन् चार पट्टे आठवड्याभरासाठी मिळतील काय? मागतो असं समजू नको, फक्त विचारून राहिलो.

ता. क. २ : गाडी पाठवशील तर अंधार पडल्यावर पाठव, आणि तिच्यावरचं 'पांढुर्णा' झाकून. समोरचे रामाजी दिवसभर ओट्यावरच असतात.

ता. क. ३ : हर्षल, मी स्मिताताई. पत्र टाकायले माझ्याजवळ दिलं, म्हणून मी उघडलं. पाय मुरगळला नाही, मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. मिस्तरी आधीपासून सांगून राहिला होता की परांची कच्ची आहे, हे म्हणत होते, पांढुर्ण्यावाल्यांसारखे भिऊ नका. तू गाडी भर दुपारी आण, पाटी रस्त्याकडे करून, आणि रामाजींच्या ओट्यासमोर दोनदा हॉर्न वाजव. पट्टे मात्र चार नको, पाच आण. स्लॅबच्या दिवशी वर जाऊन पाहतो म्हणतात, यांले खाटेले बांधायचं आहे.