आडव्या रेघेचा अंगठा

मी, सत्यशीला सहादेव भिंगारदिवे, जन्मनाव कडूबाई, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त ड्राफ्ट्समन (बाई असले तरी सरकारी कागदावर मॅनच), राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर, आज सोमवार दि. २४ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

"धाकाशिवाय" या शब्दापाशी पेन थांबले. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात तो शब्द आहे. धाक आहे. पण ज्याचा आहे त्याला या कागदातून काही मिळणार नाही, म्हणून शब्द राहू देते.

नावाबद्दल खुलासा. १९५६ नंतर वडिलांनी धम्म स्वीकारला आणि कडूबाईची सत्यशीला केली. धाकटा भाऊ म्हणायचा, "नाव बदललं, कडूपणा तसाच हाय." तो आता हयात नाही. त्याचे म्हणणे खरे होते.

कलम १. घर. भिंगारचे दोन खोल्यांचे घर व अंगण मी माझ्या पगारातून घेतले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. माझ्यामागे या घरात साळूबाई राहील, ती हयात असेपर्यंत. अकरा वर्षे ती माझ्याकडे स्वयंपाक करते. तिला कोणी उठवायचे नाही. तिच्यामागे घर विकून रक्कम ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावी. वसतिगृह कोणते ते तिने सांगावे. सोळा हंगाम ती कोपरगावकडे कोयता घेऊन गेलेली आहे, तिला कळते.

कलम २. ठेवी. बँकेतल्या ठेवी घराप्रमाणेच जातील. याहून जास्त लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

कलम ३. गाडी. माझ्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातल्या एका चिलखती मोटारीची प्रतिकृती आहे. माझ्या मयत भावाचा मुलगा अमृत तिला खेळणे म्हणतो. म्हणून ती काय आहे ते नोंदवून ठेवते.

माझे वडील नगरला रिसाल्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९४४ साली अशी एक गाडी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली. मोजायचा टेप साहेबाच्या कपाटात कुलपात, म्हणून वडिलांनी ती गाडी हाताने मोजली आणि वहीत लिहिली: "दार दोन विती चार बोटं." ती वीत किती लांब होती हे कळायला मला दोन महिने लागले. त्यांनीच केलेला पाट घरात आहे, वहीत त्याचीही नोंद आहे: दोन विती. पाट साडेसतरा इंच भरला. म्हणजे माझ्या वडिलांची वीत पावणेनऊ इंच. त्या हिशोबाने गाडी सोळा फूट निघाली, मी ती एका फुटात बसवली. पांढऱ्या प्लॅस्टिक शीटमधून एकेक पत्रा कापला. पत्रे जोडणाऱ्या रिपिटांच्या (रिव्हेटच्या) जागी खसखस वापरली, दाणा सुईच्या टोकावर उचलून चिकटवायचा. डाव्या बाजूला एक दाणा मुद्दाम बसवलेला नाही, कारण वहीत "एक रिपीट गळालेला" असे लिहिले आहे, आणि कोणता तेही लिहिले आहे. ती वही अमृतने पाहिलेली नाही.

माझीही एक वही आहे. रोज काय केले, क्रमांक, तारीख. कॉन्व्हेंटमध्ये वहीवर डाग पडला की सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या. त्यांचा देव मला पटला नाही, पट्टी पटली.

कलम ४. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणाले. बसवले आहे.

या वर्षी मार्चपासून घरात वस्तू जागा सोडू लागल्या. चष्मा फ्रीजमध्ये. पासबुक पिठाच्या डब्यात. एका दुपारी बाजारातून आले तर स्वयंपाकघरात गॅसचा वास, बटण उघडे. मी खिडक्या उघडल्या आणि अंगणात दगडावर बसून राहिले. साळूबाईने हाक मारल्यावर आत गेले.

अमृतकडे अडीअडचणीला म्हणून दिलेली एक किल्ली होती. तो यायचा, ऐकायचा, मान हलवायचा.

"आत्या, तुमच्या लक्षात राहत नाही हो. एकटं राहणं आता बरं नाही. पुण्याला एक चांगलं ठिकाण आहे, सगळी तुमच्याच वयाची माणसं."

"आणि घर?"

"ते आम्ही बघू ना. तुम्ही कशाला ताण घेता?"

मी त्याच्याशी भांडले नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरून कळेल की मी किती घाबरले होते. माझी आई भीमाबाई शेवटची दोन वर्षे मला विचारायची, "बाई, तुमी कुनाच्या?" मी भाकरी भरवत असायचे आणि ती विचारायची. एकदा मी ताट आपटले. आईचे ते रिकामे डोळे अजून आठवतात. मला वाटले, आता माझी पाळी.

सप्टेंबरमध्ये गाडीचे एक चाक गेले. मी साळूबाईवर आळ घेतला. दारात, शेजाऱ्यांदेखत तिची पिशवी उलटी करायला लावली.

"म्या न्हाई लावला हात, बाई," ती म्हणाली. "तुमच्या गाडीला माजा हात लागला आसंल तर त्यो झडून जाईल."

पिशवीत दोन कांदे आणि औषधाची बाटली निघाली. ती अकरा दिवस आली नाही. अकराव्या दिवशी चाक तांदळाच्या डब्यात सापडले. बाराव्या दिवशी, मी बोलावण्याआधीच, ती दारात उभी.

"रागानं पोट भरत न्हाई बाई. पर तुमचंबी भरत नसंल, म्हून आले. वाळलाय की लई!"

मी तेव्हा माफी मागितली नाही. इथे मागते. साळूबाई, मी चुकले. कचेरीत माझ्या हाताखाली असलेल्या गोरक्षनाथने हे वाक्य तिला दोनदा वाचून दाखवावे.

चाकाने मला एक गोष्ट शिकवली. चष्मा मी फ्रीजमध्ये ठेवू शकते. पण सुटे चाक मी वहीत नोंद केल्याशिवाय टेबलावरून हलवणार नाही, आणि नोंद नव्हती. म्हणून ३ नोव्हेंबरला, बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघण्याआधी, मी गाडीच्या वरच्या फिरत्या बुरुजाला रंग दिला. खाकी, जवसाचे तेल घालून, म्हणजे चार दिवस वाळणार नाही असा. त्यावर अंगणातल्या मातीची वस्त्रगाळ भुकटी फुंकली. पाहणाऱ्याला तो जुना, कोरडा रंग वाटावा. आदल्या दिवशी अमृतला फोनवर सांगितले होते की सकाळभर बँकेत बसावे लागेल. साळूबाईला सुट्टी दिली होती.

परत आले तेव्हा बुरूज मागे तोंड करून होता. त्यावर एक अंगठा उठला होता, उजवा, स्वच्छ, मधोमध आडवी रेघ असलेला.

ती रेघ मी ओळखते. अमृत आठ वर्षांचा असताना माझ्या कटरवर त्याचा अंगठा कापला. चार टाके पडले. रडला नाही, माझा पदर धरून उभा राहिला. तो पदर मी धुतला नव्हता कित्येक दिवस. आमच्या घरात साळूबाई वयाच्या साठाव्या वर्षी माझ्याकडून सही करायला शिकली. अंगठा उठवणारा एकच निघाला, तोही इंजिनिअर.

दुपारी तो केळी घेऊन आला. पिशवी डाव्या हाताने दिली, उजवा खिशात.

"काय आत्या, आज काही विसरला नाहीत ना?"

"विसरले असेन," मी म्हणाले. त्याला मी अजून काही बोललेले नाही. गॅसच्या बटणाचा विचार केला की बोलवत नाही.

कलम ५. हे लिहायचे की नाही, यात तीन दिवस गेले.

अंगठा सापडल्यावर मी खूश झाले. डोके ठीक आहे, सगळे त्याचेच कारस्थान, असे म्हणत मी पूर्ण वही तपासायला बसले. तिथे नोंद क्रमांक ११७, तारीख १४ ऑक्टोबर: "डावा दिवा बसवला. काच म्हणून गोळ्यांच्या पाकिटाचा फुगा." अक्षर माझे. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ, सिस्टरांनी शिकवलेली, तशी इथे कोणी काढत नाही. गाडी पाहिली. डावा दिवा जागेवर होता, उत्तम बसवलेला.

मला तो बसवल्याचे आठवत नाही. अजूनही आठवत नाही.

म्हणजे अमृत खोटा आहे, आणि तो जे सांगतो त्यातले थोडे खरे आहे. हे मी फक्त डॉ. शुभांगी यांना सांगितले. त्यांनी मला तासभर तपासले आणि दाखल्यात लिहिले की आज माझी बुद्धी शाबूत आहे. "आज" या शब्दाखाली मी रेघ मारायला सांगितली. घाई का, असे वकिलांनी विचारले होते. हे उत्तर.

कलम ६. किरकोळ. ड्रॉइंग बोर्ड, पेने, कटर, ब्रश व रंग गोरक्षनाथला कालच देऊन टाकले, म्हणजे त्याला साक्षीला बसता येईल. तो माझ्या हाताखाली होता आणि ड्रॉइंगवर साहेब स्वतःची आद्याक्षरे टाकायचे तेव्हा "हे बाईंचं हाय" असे मोठ्याने म्हणणारा एकटाच होता. निवृत्तीला पुरुषांना घड्याळे आणि मला मिक्सर मिळाला. तो साळूबाईला आधीच दिला आहे, चांगला चालतो, याचा मला अजून राग आहे. अमृतला माझा शाईचा पॅड. उपयोगी पडेल.

गाडी काचेच्या पेटीत गोरक्षनाथच्या घरी राहील. संग्रहालयाला देऊ नये, ते पुसतील. बुरुजावरचा अंगठा कोणी पुसायचा नाही.

कलम ७. यानंतर माझ्या सहीचा दुसरा एखादा कागद निघाला, तर त्या दिवशी गोरक्षनाथने मला विचारावे: न बसवलेला दाणा कोणता? मी वही न पाहता दाखवला, तर तो कागद माझा. दाखवता आला नाही, तर सही माझी असली तरी मी तिथे नव्हते असे समजावे. वकील म्हणतात याला कायद्यात जागा नाही. माझ्या घरात आहे.

कलम ८. कुलूप बदलले आहे. किल्ल्या दोन, एक माझ्या गळ्यात, एक साळूबाईकडे. मी विसरले तर हे मला वाचून दाखवावे.

आणि साळूबाई, मी कधी तुझ्याकडे पाहून विचारले, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तर रागावू नकोस. मी आईवर रागावले होते. सांग, "गाडीवाल्या बाईंची." पुन्हा विचारले तर पुन्हा सांग.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी गोरक्षनाथ म्हस्के करतील. साळूबाईला मिळते आहे म्हणून तिची साक्ष घेता येत नाही. ती दाराशी बसली आहे आणि सही करायला मिळणार नाही म्हणून रुसली आहे.

स्थळ: भिंगार. दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५.

(सही) सत्यशीला सहादेव भिंगारदिवे

साक्षीदार १: बाईंनी हे पूर्ण वाचून आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत. मी कलम सातचा प्रश्न आजच विचारला. बाईंनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोट नेमके त्या जागी ठेवले. वहीशी ताडून पाहिले, बरोबर आहे. (सही) गोरक्षनाथ म्हस्के

साक्षीदार २: वरीलप्रमाणे. दाखला सोबत जोडला आहे. (सही) डॉ. शुभांगी

लिहून देणारीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा खाली घेतला आहे. शाई जास्त लागली, म्हणून कडा फाकली आहे. रेघ नाही.